दोन अर्थिंग जोडा, केबल जाड घ्या: बेस स्टेशनची अर्थिंग आणि ४८ व्होल्टचा पुरवठा

प्रश्न थोडक्यात असा: इमारतींच्या वायरिंगमधून मोबाइल बेस स्टेशनच्या कामात आलेल्या एका तंत्रज्ञाच्या साइटवर टॉवरची आणि उपकरणांची अर्थिंग मुद्दाम वेगवेगळी ठेवली आहे. दोन्हींचा रेझिस्टन्स १ ओहमच्या आत असल्याचा रिपोर्ट आहे, तरी प्रत्येक वादळानंतर ट्रान्समिशनचे पोर्ट (उपकरणात डेटाची केबल जिथे लागते त्या जागा) जळतात. दुसरी तक्रार, मेन्स (बाहेरून येणारा वीजपुरवठा) गेल्यावर टॉवरच्या माथ्यावरचा रेडिओ बॅटरी अर्धी भरलेली असतानाच बंद पडतो. आणि एक शंका: इथे पॉझिटिव्ह का अर्थ करतात?

पोर्ट का जळतात याचं उत्तर तुमच्या पहिल्याच वाक्यात आहे. अर्थिंग वेगळी आहे म्हणूनच ते जळतात.

‘उपकरणांना स्वच्छ अर्थ हवी, टॉवरची घाण तिकडे नको’ हा समज फार जुना आहे आणि वरवर पाहता पटण्यासारखा आहे. आता जरा हिशोब करून बघा. टॉवरवर वीज पडली आणि ३० किलोअँपिअर प्रवाह टॉवरच्या अर्थिंगमधून जमिनीत गेला असं धरा. ही काही टोकाची वीज नव्हे, नेहमीच्या पडणाऱ्यांपैकी आहे. रेझिस्टन्स अगदी १ ओहम धरला, तरी त्या क्षणी टॉवरचा पाया दूरच्या जमिनीच्या तुलनेत ३० हजार व्होल्टवर जातो. उपकरणांची अर्थिंग मात्र बाजूच्या खड्ड्यात वेगळी असल्यामुळे खूप खालीच राहते. मधला फरक कुठे तरी फुटणारच. टॉवरवरून येणाऱ्या आणि रॅकमध्ये (उपकरणांच्या मांडणीत) शिरणाऱ्या केबलच्या टोकाला तो फुटतो, म्हणजे तुमच्या पोर्टवर. १ ओहमचा अर्धा ओहम केलात तर ३० चे १५ हजार व्होल्ट होतील. पोर्टच्या दृष्टीने त्याने काहीच बदलत नाही.

म्हणून साइटच्या अर्थिंगकडे विजेला गिळणारा खड्डा म्हणून बघणं सोडून द्या. वीज पडल्यावर साइटचं पोटेन्शियल वर जाणारच. आपलं काम एवढंच, की टॉवर, शेल्टर (उपकरणांची खोली), रॅक, केबलची आवरणं, बॅटरीचा स्टँड, जनरेटर आणि कुंपण हे सगळं एकत्र वर जावं आणि एकत्र खाली यावं. पूर आला की एकाच तराफ्यावर बांधलेलं सामान तराफ्यासोबत वर येतं, आपसात ताणलं जात नाही, तसं. टॉवरभोवती एक रिंग (जमिनीत पुरलेलं वाहकाचं कडं), शेल्टरभोवती एक रिंग, दोन्ही जमिनीखाली किमान दोन ठिकाणी एकमेकींना जोडलेल्या आणि ठरावीक अंतरावर रॉड, अशी मांडणी यासाठीच असते. आयटीयू-टी या आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानक संस्थेच्या के.५६ आणि के.११२ या शिफारशी खास रेडिओ बेस स्टेशनसाठी आहेत आणि त्यांचा सगळा भर या एकत्र बांधण्यावर आहे. आयईसी ६२३०५-३ हे विजेपासून संरक्षणाचं मानक शक्य असल्यास १० ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्स सुचवतं, पण इलेक्ट्रोडचा आकार आणि मांडणी महत्त्वाची असल्याचंही सांगतं. खडकाळ जमिनीत १ ओहमच्या हट्टापायी खड्ड्यामागे खड्डे खणण्यापेक्षा रिंग नीट पूर्ण करा, तो खर्च जास्त कामी येतो.

त्या १ ओहमच्या रिपोर्टवरही माझा फारसा विश्वास नाही. रीडिंग क्लँप टाइपच्या अर्थ टेस्टरने घेतलं आहे का, ते विचारा. हा टेस्टर वायरीभोवती लावला की तो त्या वायरीतून जाऊन दुसऱ्या वाटेने परत येणाऱ्या संपूर्ण लूपचा रेझिस्टन्स मोजतो. रिंगला दोन ठिकाणी जोडलेल्या वायरीवर तो लावला, तर लूप तांब्यातूनच पूर्ण होतो, जमीन मध्ये येतच नाही आणि ०.२ ओहम असा सुंदर आकडा दिसतो. तो आकडा जोडणी तुटलेली नाही एवढंच सांगतो, मातीबद्दल काहीही सांगत नाही. खरं मापन तीन टोकांच्या पद्धतीने, म्हणजे दोन खुंट्या रोवून करायचं. करंटची खुंटी रिंगच्या लांबी-रुंदीच्या कित्येक पट दूर असायला हवी आणि व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या साधारण ६२ टक्क्यांवर. मग व्होल्टेजची खुंटी थोडी मागे-पुढे सरकवून बघा. आकडा बदलत असेल तर करंटची खुंटी पुरेशी लांब नाही. मेन्सचा न्यूट्रल किंवा पुरवठ्याची अर्थ रिंगला जोडलेली असेल, तर मापनाच्या वेळी तिचाही हिशोब ठेवावा लागतो. ती वायर सोडवायची असेल, तर साइटचा एसी पुरवठा आधी बंद करून.

आता वायरींबद्दल. घराच्या वायरिंगमध्ये आपण जाडी बघतो. विजेच्या बाबतीत लांबी आणि वळणं जास्त छळतात. कोणत्याही सरळ वायरीचा इंडक्टन्स ढोबळमानाने मीटरला १ मायक्रोहेन्री असतो. विजेचा प्रवाह एका मायक्रोसेकंदात १० किलोअँपिअरने चढत असेल, तर त्या एका मीटरवर १० हजार व्होल्ट पडतात, वायर कितीही जाड असो. टॉवरवरून येणारा सगळा प्रवाह एकाच वायरीतून जात नाही हे खरं, पण एक दशांश गेला तरी मीटरला हजार व्होल्ट झाले. म्हणून अर्थची वायर आखूड, सरळ आणि उताराच्या दिशेने जाणारी हवी. काटकोन नको, वळणाची त्रिज्या २० सेंटिमीटरपेक्षा कमी नको, आणि ‘पुढे लागेल’ म्हणून जादा वायर गुंडाळून बारखाली (अर्थच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीखाली) लटकवणं तर अजिबात नको. ते वेटोळं बघितलं की मला त्या साइटच्या बाकीच्या कामाचीही शंका येते.

फीडर (अँटेनाकडे सिग्नल नेणारी केबल) किंवा इतर आवरण असलेल्या केबलला ग्राउंडिंग किट (आवरण अर्थला जोडणारा संच) निदान तीन जागी लागतं: वर अँटेनाजवळ, खाली केबल टॉवर सोडून आडवी वळायच्या आधी, आणि शेल्टरमध्ये शिरताना बाहेरच्या बारवर. टॉवर उंच असेल तर मध्येही. यातलं दुसरं किट लोक बऱ्याचदा वळणाच्या पुढे लावतात. तसं केल्याने विजेचा मोठा वाटा आधीच शेल्टरकडे वळलेला असतो. किटची शेपटी खालच्या दिशेनेच जायला हवी.

पण तुमचे पोर्ट फीडरमुळेच जळतात असं धरून चालू नका. माझ्या अनुभवात खरी चोरवाट निराळीच निघते. टॉवरवरच्या लाल दिव्याची केबल बघा. ती माथ्यापासून निघते, बहुधा कुठेही अर्थ न होता सरळ शेल्टरमधल्या एसी बोर्डात शिरते आणि वीज थेट आत आणून सोडते. मग फायबर. ‘फायबरला काय होणार’ म्हणून कोणी बघत नाही, पण त्या केबलमध्ये धातूचं आवरण किंवा मधली स्टीलची तार असेल, तर तीसुद्धा वाहकच. ती प्रवेशाच्या बारवर जोडायला हवी. तशीच डिझेलच्या टाकीतल्या सेन्सरची वायर, दाराच्या अलार्मची वायर, कॅमेऱ्याची केबल. शेल्टरमध्ये धातूचं जे काही शिरतं ते एकाच बाजूने, एकाच जागेतून शिरावं आणि तिथेच बारला बांधलं जावं. एसीची केबल समोरच्या भिंतीतून आणि फीडर मागच्या भिंतीतून, अशी रचना असली की दोन टोकांमधला सगळा फरक रॅकमधून वाहतो.

आतल्या मुख्य बारवरही क्रम असतो. एका टोकाला सर्ज घेऊन येणारे: केबलप्रवेशाचा बार, जनरेटरची बॉडी, सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक आलेला झटका अर्थकडे वळवणारं साधन). त्यांच्या लगत सर्ज शोषणारे: रिंगकडे जाणारी वायर, एसीची मुख्य अर्थ. दुसऱ्या टोकाला उपकरणांचे रॅक. आलेला प्रवाह रॅकच्या जोडण्यांपर्यंत न पोचताच जमिनीकडे वळावा, एवढाच हेतू. प्रत्येक रॅकची वायर बारपर्यंत स्वतंत्र हवी. या रॅकवरून त्या रॅकला अशी साखळी केली, तर मधला एक बोल्ट सैल होताच पुढचे सगळे रॅक लटकतात.

जोडणीचं काम मात्र हाताचं आहे, ते नकाशात दिसत नाही. बारवर किंवा कॅबिनेटवर रंग असेल तर लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची पट्टी) बसेल तेवढी जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासायची, गंजरोधक पेस्टचा पातळ थर द्यायचा, दोन भोकांचा लग बसवायचा, स्प्रिंग वॉशर घालून ठरलेल्या टॉर्कने आवळायचं आणि मग बाहेरून पुन्हा रंग किंवा संरक्षक लेप. एका भोकाचा लग बोल्टभोवती फिरतो आणि कंपनांनी सैल होतो. लगचं क्रिंपिंग योग्य मापाच्या डायने, हायड्रॉलिक प्रेसवरच. एका बोल्टवर दोन लग एकावर एक चढवू नका. तांब्याचा लग थेट जस्ताच्या मुलाम्यावर बसवला तर ओल लागताच जस्त खाल्लं जातं. तिथे टिनचा मुलामा असलेला लग किंवा दोन धातूंमधला जोड वापरा. जमिनीखाली मात्र बोल्ट नकोतच, थर्मिट वेल्डिंग (रासायनिक उष्णतेने धातू वितळवून केलेला जोड) करा. मातीत पुरलेला बोल्ट काही वर्षांनी काय अवस्थेत असेल, ते खणल्याशिवाय कळत नाही आणि खणायला कोणी जात नाही.

सर्ज प्रोटेक्टरबद्दल फक्त एक गोष्ट सांगतो, कारण बाकीचं डेटाशीटवर असतं. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरपेक्षा लांब नकोत. उत्तम दर्जाचा प्रोटेक्टर आणून तो भिंतीवर सोयीच्या जागी बसवतात आणि दीड मीटरची अर्थ सोडतात. मीटरला किती व्होल्ट पडतात ते वर पाहिलंच.

पॉझिटिव्ह अर्थ करण्याची पद्धत टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासून चालत आली. जमिनीखालच्या केबलचं तांबं ओल्या मातीच्या तुलनेत पॉझिटिव्ह असेल तर इलेक्ट्रोलिसिसने झिजतं, निगेटिव्ह असेल तर वाचतं. म्हणून लाइन निगेटिव्ह ठेवली आणि पॉझिटिव्ह जमिनीला जोडला. ४८ हा आकडा २ व्होल्टच्या २४ लेड-ॲसिड सेलचा. प्रत्यक्षात मेन्स असताना बसबारवर (पुरवठा जिथून वाटला जातो त्या पट्टीवर) साधारण ५४ व्होल्ट असतात, म्हणजे सेलला २.२५ व्होल्ट फ्लोट (बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज). ६० व्होल्टच्या खाली राहिल्यामुळे हा पुरवठा एसी मेन्सपासून नीट विलग असेल तोवर अतिकमी व्होल्टेजच्या सुरक्षित वर्गात बसतो, हा आणखी एक फायदा.

यातून दोन गोष्टी निघतात. ब्रेकर निगेटिव्हमध्ये असतो, कारण पॉझिटिव्ह तोडला तरी उपकरणाची बॉडी आणि निगेटिव्ह यांच्यामध्ये ४८ व्होल्ट तसेच उरतात. आणि पॉझिटिव्ह बसबार मुख्य अर्थ बारला एकाच ठिकाणी, रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या यंत्राच्या) कॅबिनेटजवळ जोडलेला असतो. रेडिओच्या टोकाला कोणी ‘अजून पक्की अर्थ’ म्हणून रिटर्नची, म्हणजे पॉझिटिव्हची, वायर बॉडीला जोडली, तर रेडिओचा चालू प्रवाह टॉवरच्या सांगाड्यातून आणि अर्थच्या वायरीतून परत यायला लागतो. हे पकडणं सोपं आहे: डीसी मोजणारा क्लँप मीटर अर्थच्या वायरीवर लावा. तिथे काही अँपिअर डीसी दिसला तर रिटर्न कुठेतरी दुसऱ्यांदा बॉडीला लागला आहे. काही उपकरणांत उत्पादकानेच रिटर्न आणि बॉडी आत जोडलेली असते, तेव्हा कोणाला दोष देण्याआधी मॅन्युअल बघा. वायरीच्या रंगावर भरवसा ठेवू नका. अनेक उत्पादक निळी उणे ४८ ला आणि काळी रिटर्नला वापरतात. लाल-काळ्याची सवय झालेला माणूस इथे हमखास उलटं जोडतो. मीटरचा काळा प्रोब अर्थ बारवर ठेवा, लाल प्रोबने उणे आकडा दिसेल ती निगेटिव्ह.

आता तुमच्या रेडिओकडे वळू. केबल कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी ६० मीटर लांबी, ६ चौरस मिलिमीटर तांबं आणि ९०० वॉटचा रेडिओ धरतो. जाऊन-येऊन १२० मीटर, म्हणजे लूपचा रेझिस्टन्स ०.०१७५ गुणिले १२० भागिले ६, बरोबर ०.३५ ओहम. रेडिओ हा स्थिर पॉवरचा लोड आहे: व्होल्टेज कमी झालं की तो जास्त प्रवाह ओढतो, त्यामुळे केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडतं, आणि हे चक्र स्वतःलाच वाढवत जातं. बसबारवर ५४ व्होल्ट असताना रेडिओला सुमारे ४७ मिळतात, प्रवाह १९ अँपिअर, सगळं ठीक. म्हणून साइट चालू करताना कोणालाच काही दिसत नाही. मेन्स गेल्यावर अर्ध्या डिस्चार्जला लेड-ॲसिडची बँक (बॅटऱ्यांचा संच) साधारण ४८ व्होल्टवर येते. तेव्हा प्रवाह २२ अँपिअरवर चढतो, केबलमध्ये जवळपास ८ व्होल्ट पडतात आणि रेडिओला ४०.२ मिळतात. ईटीएसआय या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेच्या ईएन ३०० १३२-२ या मानकात उपकरणाच्या टोकाची मर्यादा ४०.५ ते ५७ व्होल्ट आहे. त्याखाली रेडिओ बंद पडला तर त्याची चूक नाही.

बॅटरीची शेवटची थेंबभर ऊर्जा वापरायची असेल, तर केबलचं गणित ५४ व्होल्टवर न करता लो व्होल्टेज डिस्कनेक्टच्या (व्होल्टेज फार उतरलं की बॅटरी तोडणाऱ्या व्यवस्थेच्या) आकड्यावर करायला हवं. तो ४३.२ व्होल्टवर ठेवलेला असेल, तर १६ चौरस मिलिमीटरची केबलही थोडक्यात कमी पडते, रेडिओला ४०.३ पोचतात. २५ ची घेतली तर ४१.४ मिळतात. उन्हात तापलेल्या केबलचा रेझिस्टन्स आणखी वाढतो, तेव्हा सवलत ठेवा. २५ ची केबल रेडिओच्या कनेक्टरमध्ये बसत नाही. म्हणून वर जंक्शन बॉक्समध्ये तिचं टोक बारीक केबलवर उतरवतात. केबल बदलता येत नसेल तर डीसी बूस्टर मिळतात, पण त्याने केबलवरचं व्होल्टेज ६० च्या वर जात असेल, तर स्पर्शापासून संरक्षणाचे सगळे निकष बदलतात. आणि केबल बदलण्याआधी मेन्स बंद करून एकदा दोन्ही टोकांना एकाच वेळी व्होल्टेज मोजा. बसबारवरच ४५ दिसत असतील तर दोष केबलचा नाही, बँक म्हातारी झाली आहे. तापमान सतत १० अंशांनी जास्त राहिलं की सीलबंद लेड-ॲसिडचं आयुष्य सुमारे निम्मं होतं, हे शेल्टरचा एअर कंडिशनर बंद ठेवणाऱ्यांना सांगून ठेवा. लिथियमची बँक बसवली असेल, तर रेक्टिफायरची चार्जिंगची सेटिंग आणि डिस्कनेक्टचा आकडा बॅटरीच्या उत्पादकाच्या म्हणण्याप्रमाणे बदलला आहे ना, तेही बघा.

रेडिओच्या या पुरवठ्याच्या केबलचं धातूचं आवरण वर रेडिओच्या बॉडीला आणि खाली बारला, दोन्ही टोकांना अर्थ करायचं. ‘एकाच टोकाला’ हा नियम ऑडिओच्या केबलचा, तो इथे आणू नका. दोन्ही टोकांना डीसीचे सर्ज प्रोटेक्टरही लागतात.

राहिली हातांची सुरक्षितता. ४८ व्होल्टने कोरड्या हाताला सहसा शॉक बसत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. पण शेकडो अँपिअर-अवरची बँक शॉर्ट झाल्यावर हजारो अँपिअर देते, आणि बँकेला बंद करायचं बटण नसतं. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा, पाने इन्सुलेट केलेलेच वापरा, उघड्या बारवर काम चालू नसेल तेव्हा झाकण. एसीचा साधा ब्रेकर डीसीला वापरू नका. एसीचा प्रवाह प्रत्येक चक्रात दोनदा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीमध्ये तो शून्यावर येतच नाही आणि ब्रेकर आतून जळत राहतो.

बँक काढताना आधी तिचा ब्रेकर उघडा, मग अर्थला जोडलेली पॉझिटिव्ह वायर आधी सोडवा. आधी निगेटिव्ह सोडवायला गेलात आणि पाना रॅकला टेकला, तर शॉर्ट पूर्ण होतो. जोडताना क्रम उलटा. उपकरणाच्या बॉडीच्या अर्थचा नियम मात्र वेगळा आहे: ती सगळ्यात आधी लावायची आणि सगळ्यात शेवटी काढायची.

तुमच्या साइटवर दोन रिंग जोडण्याचं काम कराल तेव्हा ढग जमलेले असताना करू नका. जोडण्याआधी दोन्ही बारच्या मध्ये एसी आणि डीसी व्होल्टेज मोजा. काही व्होल्ट किंवा जास्त दिसले, तर आधी जनरेटरचा न्यूट्रल तपासा. न्यूट्रल आणि अर्थ एकाच ठिकाणी जोडलेले असायला हवेत. चेंजओव्हर स्विच (मेन्सवरून जनरेटरवर नेणारा) न्यूट्रल तोडत नसेल आणि जनरेटरवर आणखी एक जोड असेल, तर तुमची अर्थची वायर न्यूट्रलचा प्रवाह वाहते आहे. तो जोड काढल्याशिवाय रिंग जोडू नका.